त्या हंगामातली तांब्याची तार

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला हे मला वर्तमानपत्रात वाचावं लागत नाही. सकाळी चहा घेताना खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. बाहेर रस्त्यावरून दोन ट्रॉल्या भरून ऊस घेतलेला ट्रॅक्टर चाललेला असतो. ड्रायव्हरनं सीटच्या मागं भलेमोठे स्पीकर बांधलेले असतात. त्यातून जे वाजतं त्यातला एक शब्द कळत नाही, नुसता दणका छातीत बसतो. ट्रॅक्टर जातो, रस्त्यावर चार कांड्या पडतात, शाळेला निघालेली पोरं त्या उचलतात आणि दातानं सोलत पुढं जातात. दुपारी वारा गुऱ्हाळांकडून फिरतो. उकळत्या रसाचा तो वास, थोडा गोड, थोडा धुरकट, दारातून आत येतो आणि उन्हाळ्यापर्यंत घरातल्या माणसासारखा राहतो.

नोकरी होती तोवर हा हंगाम मी आतून पाहिला. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात होतो. बॉयलर पेटला की आमच्या पाळ्या सुरू. दिवाळीचं अभ्यंगस्नान कधी पहाटे झालं, कधी दुपारी. अंगाला मळीचा वास, केसांत भुसा आणि कानात टर्बाइनची घरघर. घरी येऊन आडवा झालो तरी ती घरघर उशीतून ऐकू यायची. लोकांना थंडी म्हटली की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला मोटारी आठवतात, गरम झालेल्या.

पण यंदा काचा थरथरल्या तेव्हा मला कारखाना नाही आठवला. आठवला तो मी निवृत्त झाल्यानंतरचा पहिला हंगाम. मी घरी होतो, अक्का घरी होती, आणि आम्ही दोघं एका मोडक्या अँप्लिफायरपुढं फरशीवर मांडी घालून बसलो होतो.

त्या वर्षी कारखान्याचा भोंगा ऐकून मी पहिल्याच दिवशी उठून बूट शोधायला लागलो होतो. आमची अव्वा कॉटवर बसून बघत होती. अव्वा म्हणजे आई. आमचं मूळ गाव सीमेकडचं, त्यामुळं घरात आईला अव्वा, वडिलांना अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का. मी साठीला आलो तरी अक्काचा तम्माच, म्हणजे धाकटा भाऊ.

"कुठं चाललास रं?" अव्वानं विचारलं.

मी बूट हातात घेऊन उभा. बायको स्वयंपाकघरातून हसायला लागली. "जाऊ द्या त्यांना, गेटवरनं परत येतील," ती म्हणाली.

रिकामपणाचं असं होतं. त्यात दिवाळीला हुपरीहून अक्का आली, ती डाव्या मनगटाला प्लास्टर घालून. कारखान्यातल्या, म्हणजे त्यांच्या चांदीच्या कारखान्यातल्या, पायरीवरून घसरली होती. हुपरीत घराघरात पैंजणांचं काम चालतं. अक्काच्या सासरीही तेच. लग्न होऊन गेल्यापासून ती कड्या जुळवत आली, तार ओढत आली, डाख देऊन सांधे जोडत आली. भावोजी त्याच्या दोन वर्षं आधी गेले, मुलगा सगळं बघतो, तरी अक्काची बसायची जागा खिडकीशी ठरलेली. तिथं बसून घुंगरू लावताना तिचे हात मी पाहिलेत. ते बघत बसावंसं वाटे.

प्लास्टर निघालं आणि बोटं मिटेनात. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत राहा म्हणाले. अक्कानं आठवडाभर दाबला. मग एक दिवस तिनं तो कोपऱ्यात भिरकावला.

"तम्मा, ह्यो चेंडू दाबून दाबून माजं डोस्कं फिरलंय बघ. दोन म्हशी राखल्या असत्या तर त्या तरी व्याल्या असत्या."

"मग हुपरीला कधी जायचं?" मी सहज विचारलं.

तिनं चेंडू कोपऱ्यातून उचलून आणला. मग म्हणाली, "जाऊन काय करू? हात चालंना त्या बाईला हुपरीत कुठं बसवायचं? पोरगं काय नको म्हणणार न्हाई. पण मी नुसती बसून ऱ्हायलो की त्येलाच काळजी."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. अक्काच्या तोंडी ते नेहमी ठसक्यात यायचं. त्या दिवशी तो ठसका नव्हता. माझ्या बहिणीनं हुपरी मनातून सोडून दिली आहे, हे मला तेव्हा कळलं.

माळ्यावरची गिटार काढायचं अव्वानं सुचवलं. अव्वाला कमी ऐकू येतं, पण घरात काय चाललंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. अक्का कॉलेजात असताना हवाईयन गिटार वाजवायची. गणपतीत गल्लीगल्लीत ऑर्केस्ट्रा असायचे त्या काळातली गोष्ट. इस्त्रीची साडी नेसून, गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून ती तारांवरून अशी सरकवायची, की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जाण्याऐवजी वाहत जायचा. लग्नानंतर गिटार इथंच राहिली. कुणी बंदी केली नव्हती. हुपरीत हाताला रिकामपणच नव्हतं.

मी गिटार काढली. तारा गंजून तांबूस झाल्या होत्या. नव्या आणून चढवल्या. कांडी हरवली होती, म्हणून उद्यमनगरात लेथवर स्टीलची करून आणली. अक्कानं ती डाव्या मुठीत घेतली. बोटं पुरती मिटत नव्हती, पण कांडी जाड होती. राहिली.

तिनं तार छेडली. डास गुणगुणावा तेवढा आवाज आला. ती इलेक्ट्रिक गिटार, अँप्लिफायरशिवाय मुकी. ओळखीतल्या एका क्लासवाल्याकडून छोटा अँप मागून आणला. अक्कानं त्यावर दोन मिनिटं वाजवलं आणि वायर काढून ठेवली.

"का गं?"

"डब्यात खडं हलवल्यासारखं वाजालंय."

आणि तिची नजर फिरत फिरत देवघराशेजारच्या टेबलावर गेली. तिथं अप्पांचा अँप्लिफायर होता.

अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि एकच शौक, गाणं ऐकणं. व्हॉल्व्हवर चालणारा तो हायफाय अँप्लिफायर त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून भाग गोळा करून बनवून घेतला होता. रविवारी पूजा आटोपली की ते बटण दाबत. लगेच काही वाजायचं नाही. जाळीतून डोकावलं की आत व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी ठिणगी दिसायची, ती हळूहळू पसरायची, गरम धुळीचा एक वास यायचा, आणि मग रेकॉर्डवरच्या सुईखालून गाणं उठायचं. आम्ही पोरांनी हात पाठीमागं बांधून ऐकायचं असा नियम होता. अँप्लिफायर अप्पा असतानाच बंद पडला, पण जागा हलली नाही. खंडेनवमीला दुकानाच्या कात्रीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. अप्पांच्या मागं अव्वा तो रोज पुसायची आणि त्यावर विणलेला रुमाल सरळ करायची.

त्याला हात लावायचा म्हणजे अव्वाला विचारायला हवं होतं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. आतले ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, चांगलं असेल ते घेऊन गिटारीचा अँप करतो म्हटलं. ती ऐकत राहिली. अक्का दारात उभी होती.

"न्हाई म्हणालीस तर न्हाई, अव्वा," अक्का म्हणाली.

"त्येनी कुणाला हात लावू दिला न्हाई," अव्वा म्हणाली. "मलाबी न्हाई. गेल्यावर पुसाय लागलो मी." मग माझ्याकडं वळून, "आता आत काय चालू हाय त्यात?"

"काही नाही. बंद आहे सगळं."

"मग मी इतकी वरसं पुसतोय ते काय?"

"पेटी."

अव्वानं मान हलवली. "पेटी मला ठेवा. आतलं काय त्ये तुमचं तुमी बघा."

पण पेटीही मिळायची नव्हती. मी दोन्ही हातांनी ती उचलली तर तळ टेबलावरच राहिला. वाळवीनं आतून सगळं लाकूड खाल्लं होतं, बाहेर फक्त पॉलिश उभं होतं. भुस्सा खाली सांडला. अव्वा काठी टेकत आली, वाकून बघितलं, भुशात बोट फिरवलं.

"रोज पुसत होतो," ती हळू म्हणाली. "एवढं खाल्लं, मला कळलं बी न्हाई."

तिनं पदरानं बोट पुसलं. विणलेला रुमाल झटकला, घडी घालून नेला आणि टीव्हीच्या डब्यावर पसरला. त्यानंतर अँप्लिफायरबद्दल तिनं शोक असा काही केला नाही. टीव्हीचा डबा मात्र रोज पुसला जाऊ लागला.

उघड्यावर आलेल्या सांगाड्यात बघण्यासारखं होतं. काळे जड ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हची बुडं, मेणकापडाच्या वायरी. कारखान्यात मी खोलीएवढे ट्रान्सफॉर्मर सांभाळले. हा तळहातावर मावणारा. अक्काला मी आधी नियम सांगितला: ह्यात तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, बंद केल्यावरही कपॅसिटरात थोडा वेळ राहतो, म्हणून एक हात कायम पाठीमागं. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचला आणि म्हणाली, "अप्पाबी असंच म्हणायचे. कारण आत्ता कळलं."

मुख्य ट्रान्सफॉर्मर तपासायला मी शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावला. रेडिओ दुरुस्तीवाले हे पूर्वीपासून करतात. दिवा मिणमिणला तर माल ठीक, भगभगला तर आत कुठंतरी शॉर्ट. व्हॉल्व्ह काढून ठेवलेले, पुढं काहीच जोडलेलं नाही. बटण दाबलं आणि दिवा असा लख्ख पेटला, की अक्काच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसली.

"बेस पेटला की!" ती खूश होऊन म्हणाली.

मी बटण बंद केलं. तिला समजावून सांगताना मलाच वाईट वाटत होतं. ट्रान्सफॉर्मर जळलेला होता. त्याच्यामुळंच अप्पांचं गाणं थांबलं होतं.

नवा मिळवता आला असता. तसं मी म्हणालोही. पण अक्कानं तो हातात घेऊन फिरवला, कडेला दिसणारी वार्निश लावलेली तार नखानं उचकटली. केसासारखी बारीक तांब्याची तार. "ह्येच्यात काय हाय? तारच हाय न्हवं? काढायची, नवी गुंडाळायची."

"अक्का, हजारो वेढे असतात."

"मग? पैंजणात कड्या किती असत्यात, कधी बघितलंस?"

अशी सुरुवात झाली. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या एकेक करून सोडवल्या. जळलेली तार उलगडताना मी वेढे मोजत गेलो. आतली मेनची गुंडाळी शाबूत निघाली. जळाली होती ती तिच्यावरची, जास्त दाबाची. मग टेबलाला हातानं फिरवायचं ड्रिल आवळलं, त्यात लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर गुंडाळी. मी दांडा फिरवणार, अक्का तार धरणार. तार धरायची डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं, ना सैल ना ओढून. सैल सोडली तर वेढे बसत नाहीत, ओढली तर तुटते. एक थर झाला की कागद, मग पुढचा थर.

पहिल्या दिवशी तार सारखी तुटली. अक्काच्या चिमटीत जोरच नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणालो, उजव्या हातात धर. "उजव्यानं कागद कोण लावणार? तू फिरवायला बस," म्हणाली. दुपारची उन्हं घराच्या पुढच्या सोप्यात यायची, बाहेर उसाच्या बैलगाड्यांच्या घंटा, मधूनच ट्रॅक्टरचा दणका, आणि आत आम्ही दोघं मोठ्यानं आकडे म्हणतोय. प्रत्येक शंभराला फरशीवर खडूची रेघ. अव्वाला आकडे ऐकू यायचे नाहीत, नुसती तोंडं हलताना दिसायची.

"जप करताय व्हय?" ती मधेच ओरडायची, आणि आमचा आकडा हुकायचा.

कधी बायको चहा घेऊन यायची आणि हुकायचा. एकदा अक्कालाच हसू फुटलं, तिच्या पहिल्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याची गोष्ट आठवून, आणि आम्हाला अर्धा थर उलगडून परत गुंडाळावा लागला. घाई कुणालाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा हंगाम चालू होता आणि मला कुठंही पोचायचं नव्हतं. गुऱ्हाळाचा वास यायचा, तांब्यावर ऊन चमकायचं, बहीण शेजारी. लहानपणानंतर तिच्याशेजारी इतका वेळ मी कधी बसलोच नव्हतो.

तार तुटायची कधी थांबली ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते वेगळंच. एका सकाळी स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. बायको तर माझ्यासमोर भाजी निवडत होती. आम्ही दोघंही उठून गेलो. अक्का परातीपुढं बसली होती आणि दोन्ही हातांनी भाकरी थापत होती. कड थोडी वाकडी होती. तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "बगत काय उभारलाय? ताटं घ्या की."

आम्ही ताटं घेतली. खर्डा, भाकरी, लोणी. अक्काचे डोळे भरले होते, पण खर्डा झणझणीत होता, तेव्हा विचारायची सोय नव्हती.

पुढचं काम भराभर झालं. ट्रान्सफॉर्मरला वार्निश पाजून उन्हात वाळवलं. दिवा परत लावला, या वेळी तो जेमतेम मिणमिणला. अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून नवा सांगाडा केला, जुन्या स्पीकरचा फाटलेला कागद पातळ कागद आणि डिंकानं सांधला. डाख द्यायचं अक्काला शिकवावं लागलं नाही. माझे सांधे मात्र तिनं दोनदा उखडून परत केले. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरींमुळं एक घूंऽऽ असा आवाज येत होता. त्या एकमेकींत पिळून घ्यायच्या असतात. तिनं वेणी घालावी तशा घट्ट पिळल्या आणि घूं गेला.

मग तिनं वाजवलं. स्वच्छ, गोल, नीट आवाज. मी खूश. ती नाही.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण घासून पालथं घातलेल्या भांड्यासारखं. जरा रस पायजे."

मी दोन दिवस विचार केला. हायफाय अँप्लिफायरमध्ये एक तार असते. बाहेर निघालेल्या आवाजातला थोडा भाग ती परत आत आणते आणि आतल्या चुका दुरुस्त करते. रेकॉर्ड जशीच्या तशी ऐकायची तर ती हवी. गिटारीला ती जाचते. मी ती तार कापली. आवाज एकदम मोठा झाला, थोडा खरखरीत, आणि उबदार. अक्कानं कांडी खालच्या सुरावरून वर नेली. सूर मधे एका जागी किंचित फाटला, जसा गाणाऱ्याचा गळा भरून येतो तसा, आणि पुढं गेला. ती तिथंच थांबली, परत मागं आली, परत त्याच जागेवरून गेली. मग बराच वेळ तेवढंच करत राहिली.

अव्वा उठून आली आणि स्पीकरवर हात ठेवून उभी राहिली. तिला किती ऐकू येत होतं कोण जाणे, पण हाताला कळत होतं.

"तुमच्या अप्पाचं असं वाजत नव्हतं," ती म्हणाली.

मी कापलेल्या तारेकडं बघितलं. "कसं वाजायचं?"

"त्येंचं लई शिस्तीत." तिनं स्पीकरवरचा हात तसाच ठेवला. "ह्ये बरं हाय."

संक्रांत झाली आणि अक्काचा मुलगा जीप घेऊन आला. तो तिला भेटायला आला होता, न्यायला नाही. तिनं पिशवी भरूनच ठेवली होती. गिटार मागं, अँप मांडीवर. अँप कुठं ठेवायचा म्हणून तो विचारत होता तर म्हणाली, "तू गाडी चालव. ह्ये माज्या मांडीवरनं हलत न्हाई." जीप वळणावर गेली तरी मी दारात उभा होतो. घर थोडे दिवस फार शांत वाटलं. मग सवय झाली, आणि त्यानंतरचे हंगाम मी बरे काढले. शेजाऱ्यांचे बिघडलेले पंप बघतो, संध्याकाळी पंचगंगेपर्यंत फिरून येतो.

परवा हुपरीला गेलो. कामाची खोली चालू होती. सात-आठजण खाली मान घालून बसलेले, हातोड्यांची टिकटिक, बर्नरची सूंऽऽ, घुंगरांच्या राशी. खिडकीशी अक्का. समोर अर्धवट पैंजण, शेजारी स्टुलावर अँप. दुपारचा चहा झाला की ती थोडा वेळ वाजवते, असं तिचा मुलगा म्हणाला. "पयल्यांदा आमी काम थांबवून ऐकायचो," तो म्हणाला, "तर ओरडली आमच्यावर."

तिनं पैंजण बाजूला सारलं, पदर कमरेला खोचला, गिटार मांडीवर घेतली. व्हॉल्व्ह तापायला लागले. सुरू झालं तेव्हा कुणीच मान वर केली नाही. हातोड्या चालूच राहिल्या, कुणी मधेच कडी मागितली, कुणी दिली. त्या सगळ्या टिकटिकीतून तिचा सूर वाट काढत होता, मधे किंचित फाटत होता, पुढं जात होता. डाव्या हाताची बोटं कांडीवर मिटलेली होती, पुरती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

वाजवता वाजवता तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कसं झालंय असं विचारेल.

"तम्मा," ती हातोड्यांच्या वर ओरडली, "उगंच उभारू नगंस. आवाज वाढव की!"

मी एक हात पाठीमागं घेतला आणि दुसऱ्यानं आवाज वाढवला.